पडवीतलं बाळंतपण

गणपतीला आठ दिवस उरले की आमच्या वाडीत दोनच आवाज असतात. रात्री भजनाच्या सरावाचा पखवाज आणि दिवसा ग्रासकटर. पाणंदीपासून घरापर्यंतची वाट बेणलेली नसेल, तर मूर्ती डोक्यावर घेऊन येणाऱ्याला गुडघाभर गवतातून यावं लागतं. वाडी मग त्यावर पुढच्या चतुर्थीपर्यंत बोलते.

गेल्या ऑक्टोबरात कलमांखालचं रान काढून झालं, तेव्हा मी आमचं 52 सीसीचं यंत्र फार मायेनं ठेवून दिलं होतं. पात्याला तेल लावलं. इंजिनाला थंडी बाधू नये म्हणून आजीची जुनी गोधडी गुंडाळली, वरून गोणपाट. मग पडवीत, भाताच्या कणगीला टेकवून उभं केलं. मऊ अंथरूण, काळोख, हाताच्या अंतरावर जेवण. घर भाड्यानं देणारे जाहिरातीत याहून वेगळं काय लिहितात? पण हे मला सुचायला ऑगस्ट उजाडला.

गोणपाट सोडलं आणि स्टार्टरची दोरी ओढली. ती आली. सगळीच आली, आणि मी पायरीवरून थेट अंगणात बसलो. टाकीच्या दोन्ही नळ्या कुरतडलेल्या. एअर फिल्टरच्या स्पंजाचा भुगा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी चावावंच लागतं, हे शाळेत शिकलो होतो. पण नारळाची सोडणं आहेत, घराचे वासे आहेत, हे सगळं सोडून पेट्रोलची नळीच का? त्यातून गवत कापायच्या तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, अख्खं रीळ शेजारी पडलं होतं. त्याला दातही लावला नव्हता.

स्टार्टरचं झाकण उघडलं. आत आजीच्या लुगड्याचा जांभळा काठ, वीजबिलाचे तुकडे, स्पंज, आणि त्यावर सात गुलाबी पिल्लं. डोळे मिटलेली. मी झाडू उचलला.

"खबरदार," मागून आई म्हणाली. "गणपती तोंडार इलो हा. तेच्या वाहनाची पोरां ती."

वाहनानं दुसऱ्याच्या वाहनात संसार मांडावा असं कुठल्या पुराणात आहे, हे विचारायची सोय नव्हती. घरट्यासकट पिल्लं गोठ्यामागच्या कौलांच्या ढिगात नेऊन ठेवली. सकाळी ढीग रिकामा होता. उंदरीण त्यांना रातोरात तोंडात धरून घेऊन गेली असणार. कुठे, याचा शोध मी मुद्दाम घेतला नाही.

लेंड्या मात्र झाडल्या नाहीत. हातमोजे घालून त्यांच्यावर ब्लीचचं पाणी शिंपडलं, भिजू दिलं आणि मग फडक्यानं पुसल्या. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो, आणि आमच्याकडे लेप्टोचं नाव निघालं की थट्टा तिथेच थांबते.

तालुक्याच्या मेस्त्रीकडे यंत्र नेलं, तर दुकानाबाहेर आधीच रांग. त्यानं झाकण न उघडता वास घेतला. "ह्या आठवड्यातला चौथा बाळंतपण," म्हणाला. यंत्र चालू झालं नाही हे माझं नशीब, असंही त्यानं ऐकवलं. पंख्याची हवा चिंध्यांनी अडलेली आणि सायलेन्सर तापलेला, म्हणजे आजीच्या गोधडीला तिथेच अग्नी मिळाला असता. "पेट्रोल काढून ठेवूक व्हया होता. आणि ह्या पांघरूण कोणी घातल्यान?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. नळ्या गणपतीनंतर येणार होत्या.

वाट शेवटी शेजारच्या काकीनं बेणली. वय सत्तरीपुढचं, हातात कोयता. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. मी मागून गवत गोळा करत होतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून यंत्राची चौकशी करत होता.

यंदा मी शहाणा झालो. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर कोरडा होईस्तोवर इंजिन चालवलं, गोधडी दिली नाही. कणगीपासून लांब, वाशाला नायलॉनची दोरी बांधून यंत्र आडवं अधांतरी टांगलं. मग काकीला मुद्दाम बोलावून दाखवलं.

काकीनं वर बघितलं. हातानं यंत्राला हलकेच एक झोका दिला.

"बरां केलंस रे," ती म्हणाली. "पोरांका पाळणो झालो."