ग्रहण क्रमांक ७७

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढणे म्हणजे स्वतःच्याच घरावर छापा घालणे. यंदाच्या छाप्यात आजोबांची पत्र्याची पेटी हाती लागली. आजोबा नोकरीने कारकून आणि वृत्तीने सुतार असल्यामुळे तीत रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या आणि एक करवत असा ओळखीचा ऐवज होता. करवतीचे दात मात्र एक डावीकडे, एक उजवीकडे असे वाकलेले दिसले. उतारवयात आजोबांचा हात हलत असावा, असे समजून मी ती करवत पाट्यावर आडवी ठेवली आणि तासभर खपून हातोडीने एकेक दात सरळ ठोकून काढला. नातवाने याहून अधिक काय करावे?

पेटीच्या तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक लोखंडी अवजार निघाले आणि पुढचा आठवडाभर घरात दुसरा विषय राहिला नाही. पकडीसारख्या त्याच्या दोन मुठी दाबल्या की आतून एक बोथट खिळी पुढे सरकायची आणि समोरच्या तिरप्या कडेच्या चकतीवर टेकायची. चकती फिरवता येत होती, तिच्यावर ४ ते १२ आकडे होते आणि अवजाराच्या अंगावर इंग्रजीत ‘एक्लिप्स’ व ७७ असे कोरलेले होते.

आईच्या मते ते कान टोचण्याचे यंत्र होते. कान बाराव्या दिवशी टोचतात, तेव्हा १२ हा आकडा जुळतोच, असा तिचा पुरावा. प्रयोगासाठी कान द्यायला मात्र कोणी पुढे आले नाही. काकांनी ते बसचे तिकीट पंच करण्याचे अवजार ठरवले आणि विजेच्या बिलावर दाबून पाहिले. भोक पडले नाही, बिल नुसते मुडपले. दंतवैद्य असलेला माझा मेहुणा बराच वेळ चकती फिरवत बसला आणि शेवटी ‘दातांचेच काहीतरी असावे’ असे पुटपुटला. त्याला सगळीकडे दातच दिसतात म्हणून आम्ही त्याला यथेच्छ हसून घेतले. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी ‘एक्लिप्स’चा अर्थ ग्रहण असल्याचे सांगून, १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणात काजळी धरलेली काच पकडण्यासाठी ते बनवले असावे, असा निष्कर्ष काढला. मग ७७ कशाला, असे विचारल्यावर ‘तयारी तीन वर्षे आधीपासून करावी लागते’ हे उत्तर मिळाले. ‘अहो, केळकर संग्रहालयात देऊन टाका. तिथे एवढे अडकित्ते ठेवले आहेत, त्यात हेही खपून जाईल,’ असे सौभाग्यवतीने सुचवले.

दरम्यान मी फडताळासाठी फळी कापायला घेतली. करवत दोन इंच आत गेली आणि अशी रुतली, की ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. अखेर सुताराला बोलवावे लागले.

कानावर पेन्सिल खोचलेल्या त्या म्हाताऱ्या कारागिराने फळीकडे पाहण्याआधीच ते अवजार उचलले. ‘अरे वा! करवतीचे दात फाकवायची पक्कड. कुठं मिळाली?’ आमच्या आठवडाभराच्या संशोधनाची त्याने एका दमात वासलात लावली. लाकडात पडणारी वाट पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद असावी लागते, नाहीतर पाते दोन्ही अंगांनी घासून अडकते. म्हणून एक दात डावीकडे आणि पुढचा उजवीकडे, तोही फक्त टोकाकडून, जरासा फाकवायचा असतो, हे त्याने मला लहान मुलाला समजवावे तसे समजावले. चकतीवरचे आकडे म्हणजे एका इंचातले दात. चार दातांची करवत भरड असते, बारांची नाजूक. ‘एक्लिप्स’ हा इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जेम्स नील कंपनीचा छाप आणि ७७ हा त्या अवजाराचा क्रमांक, हे मी नंतर शोधून काढले. हल्लीच्या बऱ्याच करवतींच्या दातांची टोके कारखान्यातच इतकी कडक केलेली असतात, की त्यांना कानसही लागत नाही. बोथट झाली की करवत टाकून द्यायची. तिथे या पकडीला कोण विचारणार?

बोलता बोलता त्याने फळीत रुतलेली करवत हलकेच सोडवली, एक डोळा मिटून उजेडाकडे धरली आणि दातांच्या रांगेवरून नजर फिरवली. त्याचा चेहरा पडला.

‘साहेब, चांगल्या करवतीचे दात असे कुणी ठोकले हो?’

मी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिले. ‘आजोबांनी,’ मी म्हणालो.