लिव्हर ढिला म्हणजे गिअरबॉक्स गेला? कोण म्हणतं!

जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दलचा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्याचं म्हणणं असं की गिअरचा लिव्हर हातात डुगडुगायला लागला म्हणजे गिअरबॉक्स आतून झिजला, मग आधी तेल बदला, त्याने नाही भागलं तर लिव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या रॉडचा नट फिरवून ‘टाइट’ करा, बुश (रॉडच्या भोकातलं प्लास्टिकचं कडं) तुटला असेल तर केबल टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) आवळा, गिअर दाखवणारा काटा पी (पार्क) वर आला की गाडी लॉकच असते त्यामुळे बिनधास्त रहा, आणि स्टार्टला नाटकं करत असेल तर न्यूट्रलच्या स्विचच्या, म्हणजे गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्ट होऊ देणाऱ्या स्विचच्या, वायरी एकमेकींना जोडून टाका. पाच मुद्दे आणि पाचही चुकीचे, त्यातले शेवटचे दोन तर जिवावर बेतणारे.

पहिला मुद्दा तेलाचा. अहो, लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक अख्खी साखळी असते. फ्लोअर शिफ्ट (लिव्हर सीटशेजारी खाली) असेल, म्हणजे समजा डब्ल्यू १२३ मर्सिडीज, तर लिव्हरच्या खालच्या टोकापासून एक रॉड गिअरबॉक्सच्या बाजूच्या आर्मपर्यंत जातो आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकचे छोटे बुश असतात, अमेरिकन कॉलम शिफ्ट (लिव्हर स्टिअरिंगपाशी) असेल तर स्टिअरिंग कॉलमच्या आतली नळी, तिच्या खालचा आर्म, मग रॉड, असं लांबलचक प्रकरण. हे सगळं गिअरबॉक्सच्या बाहेर आहे, तिथे आतलं तेल पोचतच नाही, मग ते बदलून बुश कसा काय बरा होणार? गिअर लावताना हाताला जो खटका लागतो तो मात्र आतला. आत खाचा असलेली एक पट्टी असते आणि स्प्रिंगवरचा रोलर त्या खाचांत बसतो. तेव्हा आर्म रॉडपासून सोडवून हाताने फिरवून बघा, प्रत्येक खटका ठणठणीत लागत असेल तर या ढिलाईत गिअरबॉक्सचा काही दोष नाही.

ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधायला इंजिन बंद ठेवा, गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नाही, प्लीज), जमिनीवरच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा कारण लिव्हर पी मधून निघाला की गाडी मोकळी होते, आणि आत बसलेल्या माणसाला लिव्हर अगदी सावकाश हलवायला सांगा. खालून बघताना दिसतं की रॉडच्या टोकाचं भोक पिनभोवती आधी नुसतंच सरकतं, मग पिनला टेकतं, आणि त्यानंतर कुठे आर्म हलतो. आजूबाजूला पिवळट तपकिरी प्लास्टिकचे तुकडे चिकटलेले असतात, तोच तुमचा बुश. रॉड जागच्या जागी आणि वर लिव्हरच नाचत असेल तर लिव्हरच्या बुडाची पिन गेली. आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की (म्हणजे एरवी गाडी चालवताना) लिव्हर आपोआप हलत असेल तर इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते आधार, आधी बघा, लिंकेजच्या, म्हणजे या रॉड-बुशच्या साखळीच्या, मागे लागू नका.

दुसरा मुद्दा, नट फिरवा. हा सगळ्यात जास्त पटणारा आणि म्हणूनच सगळ्यात जास्त घोळ घालणारा. त्या नटने रॉडची लांबी बदलते, ढिलाई तेवढीच राहते. म्हणजे तुम्ही वरून खाली येताना डी (ड्राइव्ह) अगदी बरोबर जुळवला, तरी उलट पी कडे जाताना जेवढी ढिलाई तेवढं कमीच पडणार, मग पी साठी जुळवा की डी हुकला, असं दिवसभर खेळत बसा. आणि अर्धवट बसलेल्या जागेत काय होतं तर आतला मॅन्युअल व्हॉल्व्ह (लिव्हरने हलणारी तेलाची झडप) पूर्ण उघडत नाही, आतल्या क्लचना तेलाचं प्रेशर कमी मिळतं, ते घसरतात आणि जळतात. म्हणजे झिजलेल्या गिअरबॉक्समुळे लिव्हर ढिला होत नाही, ढिल्या लिव्हरमुळे चांगला गिअरबॉक्स जाऊ शकतो, मेसेजवाल्याने नेमकं उलटं धरलंय. आधी बुश बदला, मग अ‍ॅडजस्टमेंट. आर्म कुठल्या खटक्यात ठेवून नट आवळायचा ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, कुठे न्यूट्रल, कुठे पार्क, कुठे ड्राइव्ह, अंदाजपंचे नको. लिव्हरही त्याच जागी ठेवायचा आणि आवळताना रॉडवर ओढ येऊ द्यायची नाही.

केबल टायबद्दल काय बोलायचं. जवळून एक्झॉस्ट जातो, त्या उष्णतेने टाय कडक होतो आणि एक दिवस तुटतो, तोही गाडी चालू असताना. शिवाय रॉडला पिनवर फिरावं लागतं, तुम्ही ते जखडलं की जोर दुसऱ्या टोकाच्या बुशवर. खरं काम इतकं अवघड नाहीये हो. जुना बुश चाकूने काढा, भोकातला गंज आणि धार घासून साफ करा, नवा बुश गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला की मऊ होतो, मग पक्कडीने किंवा नटबोल्ट आणि वॉशरच्या दाबाने बसवा. हातोडी नको, कड तडकते. क्लिप किंवा स्प्लिट पिन नवीनच घाला. फक्त एक बघा, बुशशिवाय बराच काळ गाडी चालली असेल तर लोखंडानेच लोखंड खाल्लेलं असतं, भोक लांबट झालेलं असतं, तिथे नवा बुश टिकणार नाही, रॉड किंवा आर्म बदला.

आता पी वर काटा म्हणजे लॉक, हा मुद्दा. गाडीला अडवतो तो आतला पॉल, म्हणजे एक खटका-दात, गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरच्या दातेरी चाकात पडणारा. काट्याला पॉल पडला की नाही ते कळतच नाही, तो फक्त लिव्हर कुठे आहे ते दाखवतो. लिंकेज ढिलं असेल तर लिव्हर पी वर आणि गिअरबॉक्सचा आर्म पी आणि आर (रिव्हर्स) च्या मध्ये अडकलेला, असं होऊ शकतं, इंजिन चालू असलं तर नुसत्या थरथरीने तो आर मध्ये सरकतो आणि गाडी आपोआप मागे निघते. अमेरिकेत १९६६ ते १९८० च्या फोर्डच्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल अशाच तक्रारींवरून सरकारी चौकशी झाली आणि १९८० च्या अखेरीस तडजोड काय झाली, तर सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना डॅशबोर्डवर लावायला इशाऱ्याचं स्टिकर पाठवायचं! स्टिकरने पॉल पडत नाही, पण त्यातली सूचना योग्यच होती, पार्क नीट लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि इंजिन बंद करूनच उतरा. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेल्या हायड्रा-मॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तर पार्क ही जागाच नव्हती, त्यामुळे ‘जुन्या गाड्यांचा पी पक्का असायचा’ हेही सरसकट बोलू नका.

राहिला न्यूट्रलचा स्विच. स्टार्ट न होणं हा बऱ्याचदा त्याच ढिलाईचा परिणाम असतो, लिव्हर पी वर दिसतो पण स्विच त्याच्या जागेवर पोचलेलाच नसतो. वायरी जोडल्या की गाडी डी मध्येही स्टार्ट होणार आणि समोर जो असेल त्याच्या अंगावर जाणार. बुश आणि अ‍ॅडजस्टमेंट झाल्यावर समोर-मागे मोकळी जागा बघून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय दाबून प्रत्येक खटक्यात चावी फिरवून बघा, स्टार्टर फक्त पी आणि एन (न्यूट्रल) मध्ये फिरला पाहिजे, मागचा पांढरा दिवा असेल तर तो फक्त आर मध्ये लागला पाहिजे. तसं होत नसेल तर स्विच थोडा सरकवून जुळवा, बऱ्याच गाड्यांत त्याच्या स्क्रूंची भोकं त्यासाठीच लांबट ठेवलेली असतात.