काकू, जीभ खाली

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यात कौतुकाचा अंशही नसायचा. निवृत्तीनंतर गाण्याच्या क्लासला नाव घातलं ते मात्र याच भांडवलावर. आवाज खणखणीत, शब्द स्पष्ट, जीभ रोजच्या सरावातली. आणखी काय लागतं?

शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तालीम जयपूर-अत्रौली घराण्याची, म्हणजे कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांची परंपरा; तिथे आकार, म्हणजे सुरातला 'आ', खुला हवा म्हणजे हवाच.

"काकू, 'आ' म्हणा."

म्हटला.

"हा बोलण्यातला झाला. गाण्यातला म्हणा."

मग तिने माझ्या हातात आरसा दिला. जबडा सैल सोडा, जीभ खाली, टोक खालच्या दातांच्या मागे, आणि तिथेच राहू द्या. तिथेच राहू द्या! ही जीभ माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही जागेवर राहिली नव्हती. जबडा सोडला की ती मागे सरकायची आणि गठुडं घेऊन एसटीच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईसारखी घशाच्या तोंडाशी फुगून बसायची. स्वतः आत जाणार नाही, सुराला बाहेर येऊ देणार नाही.

भानगड अशी आहे की बोलताना राज्य व्यंजनांचं असतं. क, ट, त, प करत जीभ-ओठ पळत असतात आणि स्वर बिचारे मधल्यामधे क्षणभर डोकावून जातात. गाण्यात सगळं उलटं. सूर राहतो तो स्वरावर, व्यंजनाने झटकन येऊन निघून जायचं. 'सा'मधला स म्हणजे नुसता वारा, त्याला सूर नाहीच. षड्ज लागतो तो पुढच्या 'आ'वर. 'प'ला तर ओठ मिटतात आणि आवाज चक्क तुटतो. म आणि न तेवढे समजूतदार: तोंडाची वाट बंद झाली तरी नाकातून सूर चालू ठेवतात. तोंड मिटूनही आवाज चालू ठेवता येतो, हे मला सासूबाईंच्या हयातीत कळायला हवं होतं.

पण माझी खरी गाठ पडली ती 'ळ'शी. ओळीत 'सकाळी' होतं, आणि 'का'वर चांगल्या चार मात्रा थांबायचं होतं. आता बोलताना जिभेला एक खोड असते: एक अक्षर चालू असतानाच ती पुढच्याच्या तयारीला लागते. म्हणून तर आपण भरभर बोलू शकतो. माझी तर समोरच्याचं वाक्यसुद्धा त्याच्या आधी पूर्ण करते. त्यामुळे 'का' सुरू झाला रे झाला की जिभेचं टोक वळून टाळूकडे निघायचं आणि उरलेल्या साडेतीन मात्रा 'आ'चा नुसता गुदमरलेला घोळ.

"काकू, ळ कुठे पळून नाही चालला. जीभ खाली."

वरच्या सुरांची तऱ्हा वेगळीच. तार षड्जावर 'ई' आली की माझे ओठ कानांपर्यंत ताणले जायचे आणि आवाज चिमटीत धरल्यासारखा बारीक. तिथे 'ई' थोडी उघडून घ्यायची म्हणे. पाश्चात्त्य ऑपेरातल्या सोप्रानो तर अगदी वरच्या पट्टीत जबडा इतका उघडतात की 'ई' काय आणि 'ऊ' काय, सगळं 'आ'कडे झुकतं. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी सगळीच ओळ 'आ'मध्ये म्हणून टाकली. परवानगी फक्त 'ई'ला होती.

घरी ह्यांनी वेगळाच उद्योग काढला. कुठून तरी 'संगीतरत्नाकर'मधली माहिती मिळवली. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवराजा सिंघणाच्या पदरी राहून शार्ङ्गदेवाने हा ग्रंथ लिहिला. तो दरबारात हिशेबाच्या खात्यावर होता, हे समजल्यापासून हे त्याला 'आमच्या खात्यातला माणूस' म्हणतात. स्वतः बँकेतून निवृत्त. तर या शार्ङ्गदेवाने गायकाचे 25 दोष मोजून ठेवलेत. दात आवळून गातो तो संदष्ट. भयंकर तोंड वासतो तो कराली. भोपळ्यासारखे गाल फुगवतो तो तुंबकी. मान उंटासारखी वर काढतो तो करभ. डोळे मिटून घेतो तो निमीलक. मी रियाजाला बसले की हे पेपराआडून खूण करत बसतात, आणि मधूनच, "कराली झाला. आता तुंबकी. वा, दोन्ही एकदम!" ऑडिट संपत नाही.

भरीस भर म्हणजे गाणं बोलण्यात शिरलं. बोलताना आपण 'घर'मधल्या 'र'चा अ गिळतो. गाण्यात तो फेडावा लागतो, घरऽऽ असा. परवा भाजीवाल्याकडे तोंडातून "कोथिंबीरऽऽ" निघून गेलं. त्याने जुडी पुढे केली आणि काळजीने विचारलं, "ताई, दाढ दुखतेय का?"

क्लासमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसतात. बोलताना अडखळतात, स्वतःचं नाव सांगायलाही त्यांना वेळ लागतो. गायला लागले की एकही अक्षर अडत नाही. तोतरेपणा असलेल्या अनेकांचं असं होतं म्हणतात. त्यांची जीभ सुरात गेली की शहाणी होते. माझी बोलण्यात शहाणी, आणि सुरात गेली की चार मात्रा निवांत बसवत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांनाही माझा वाटत असणार, कारण गेल्या आठवड्यात त्यांनीच बाईंना काहीतरी लिहून दिलं, आणि गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची वाटणी जाहीर झाली. आजोबा भूप गाणार, आणि निवेदन मी करणार.

वेळ दिलाय दोन मिनिटं. दोन मिनिटांत माझा नमस्कारसुद्धा होत नाही.