टोकियोत दुकान आहे, काका नाहीत

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. सांगलीत स्टँडजवळ जे कॅसेटचं दुकान होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतायत. खाली चाळीसेक मेसेज, सूर एकच: ऑनलाइननं सगळं खाल्लं. मग एकानं मला मध्ये ओढलं. "जपानमध्ये बघा, अजून रेकॉर्डची दुकानं चालतात. त्यांना कलेची कदर आहे. काय रे, खरं ना?"

चालतात हे खरं. मी टोकियोत निशी-कसाईला राहतो. शनिवारी ओचानोमिझु स्टेशनला उतरलो की डिस्क युनियन या रेकॉर्डच्या दुकानात तास-दीड तास कसा जातो कळत नाही. शिबुयातलं टॉवर रेकॉर्ड्स तर तळघर धरून नऊ मजली आहे. गंमत म्हणजे ही साखळी मूळची अमेरिकन. तिकडे २००६ साली तिचं दिवाळं निघालं. जपानचा धंदा त्याआधीच वेगळा झाला होता म्हणून तरला.

पण "कदर" काही मला पटेना. कदर आमच्याकडे कमी होती? मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ लोक दर्ग्याच्या आवारात रात्र-रात्र गाणं ऐकत बसतात.

इथलं कारण बरंच रुक्ष आहे. १९५३ पासून इथल्या मक्तेदारीविरोधी कायद्यात एक सवलत आहे: पुस्तकं, वर्तमानपत्रं, रेकॉर्ड, सीडी यांची किंमत ती बाजारात आणणारी कंपनी बांधून देऊ शकते आणि दुकानदारानं ती पाळायची. म्हणजे नव्या जपानी सीडीचा भाव पाडून कोपऱ्यावरच्या दुकानाला मारायची सोय ऑनलाइनवाल्याला फारशी नाही. भुर्दंड अर्थात गिऱ्हाइकाला. नवा अल्बम तीन हजार येनच्या आसपास जातो. स्वस्तही हवं आणि दुकानही हवं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

जुन्या मालाला हा कायदा नाही, आणि खरी गर्दी तिथेच असते. मागे भारतीय खणात किशोरीताईंची एक एलपी हाताला लागली, कोलकात्याच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यातली. प्लास्टिकच्या पिशवीवर चिठ्ठी होती: जॅकेटला पाण्याचा डाग, दुसऱ्या बाजूला सुरुवातीला बारीक टकटक. ऐकून पाहायची आहे म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलानं तबकडी दोन्ही तळव्यांत कडेनं धरली, दिव्याखाली तिरकी करून फिरवली, आणि तो ओरखडा मला दाखवूनच सुई ठेवली. टकटक होती, चिठ्ठीत लिहिलेली तेवढीच. हा भरवसा फोटो बघून येत नाही. शिवाय मी उद्या ती विकायला नेली तर तेच दुकान ती परत घेईल. जॅकेटभोवतीची कागदाची उभी पट्टी, जिला इथे ओबी म्हणतात, शाबूत असेल तर भाव चढतो. (आपल्या ओवीशी संबंध नाही, पण मला दर वेळी जात्यावरचीच आठवते.) गिऱ्हाईक इथे विकणाराही असतो, म्हणून त्याचं येणं तुटत नाही.

हे सगळं बघितल्यावरही एक गोष्ट ग्रुपवर सांगायची राहिली. इतक्या वर्षांत त्या दुकानात माझ्याशी गाण्याबद्दल कुणी चकार शब्द बोललेलं नाही. नमस्कार, पिशवी हवी का, आभार. बस्स.

सांगलीतल्या त्या कॅसेटच्या दुकानाचे काका बोलायचे. बोलायचे कसले, झापायचे. आम्ही वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून कॅसेट भरायला द्यायचो. काका चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे आणि पेन्सिलीनं एखादं गाणं सरळ खाली ढकलायचे. "हे त्याच्या पाठोपाठ बरं दिसतंय होय रे?" साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. शेवटी तीन-चार मिनिटं उरली तर अर्धं तुटणारं गाणं ते टाकत नसत, स्वतःच्या मनानं काहीतरी भरत. माझ्या एका कॅसेटवर, किशोरच्या गाण्यांच्या शेवटी, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी निघाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत तीनेक मिनिटंच मावत, त्यामुळे ती त्या जागेत बरोब्बर बसली. मी चिडून विचारायला गेलो तर म्हणाले, "आवडली नाही तर पुसून देतो. पण आधी चार वेळा ऐक." चौथ्या वेळेपर्यंत थांबावं लागलं नाही.

आता मला ॲप गाणी सुचवतं, पण मला आधी जे आवडलंय त्याच्याच आसपासची. किशोरनंतर झिंझोटी ते सुचवणार नाही. टोकियोतला तो मुलगाही नाही सुचवणार, माझ्या आवडीत नाक खुपसणं त्याला उद्धटपणा वाटेल. त्यामुळे जपानकडून काय घ्यावं असं कुणी विचारलं तर मी कायदा आणि ती चिठ्ठी म्हणेन. काका आपल्याकडेच होते.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ज्यानं मला ओढलं होतं त्याचाच मेसेज आला, "ते सोड. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर तुझ्याकडे एमपीथ्रीच्या सीड्या असायच्या, एकेकीत दीडशे गाणी. त्या कुठनं आणायचास?"

स्टँडसमोरच्या हातगाडीवरून. काकांच्या दुकानापासून वीस पावलांवर. जाताना मी पलीकडच्या फुटपाथनं जायचो.