टुरिस्ट आले की सगळ्यांचं भलं होतं म्हणे!

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फॉरवर्ड होतेय: शहरात म्युझियम काढा, फेस्टिव्हल भरवा, टुरिस्ट आणा, पैसा आपोआप खालपर्यंत झिरपतो आणि विरोध करणारे उगाच गळा काढतात. बरं, एकेक मुद्दा घेऊ.

"बिलबाओ बघा." बघू की. 1997 ला स्पेनमधल्या या शहरात गुगेनहाइम हे कलेचं म्युझियम उघडलं आणि बंद कारखान्यांचं ते शहर जगाच्या नकाशावर आलं, मान्य. पण ते काही एकट्या म्युझियमने झालं नाही, मेट्रो, नदीची सफाई, हे सगळं सरकारी पैशाने सोबतच चाललं होतं, ते पोस्टवाला सोयीस्करपणे गाळतो. आणि त्याच म्युझियमच्या फरशा पुसणाऱ्या कंत्राटी कामगारांना, बहुतेक बायकाच, 2021 मध्ये पगारासाठी संप करावा लागला, तो जवळपास नऊ महिने चालला तेव्हा कुठे साधारण 20 टक्के वाढ पदरात पडली. आपोआप झिरपतो ना पैसा?

"भाडी टुरिस्टमुळे नाही, घरं कमी बांधल्यामुळे वाढतात." अर्धं बरोबर आहे. पण जो फ्लॅट भाडेकरूला महिन्यावर द्यायचा तोच टुरिस्टला रात्रीच्या रेटने देऊन जास्त सुटत असेल तर मालक काय करणार, तुम्हीच सांगा. बार्सिलोनाच्या महापौरांनी 2024 ला सांगितलं की दहा वर्षांत भाडी 68 टक्के वाढलीत, आणि 10,101 टुरिस्ट फ्लॅटची लायसन्स 2028 पर्यंत संपवायचं जाहीर केलं. त्याने भाडी उतरतील का, यावर वाद आहे. पण ज्याचं स्वतःचं घर आहे त्याची चांदी आणि जो भाड्याने राहतो त्याला भुर्दंड, एकाच बिल्डिंगमध्ये, ही खरी विषमता, आणि पोस्टमध्ये 'घरमालक' हा शब्दच नाही!

"टुरिस्टसाठी केलेल्या सोयी लोकांनाही वापरता येतात." बार्सिलोनातच पार्क ग्वेल या प्रसिद्ध बागेकडे जाणारी 116 नंबरची छोटी बस टुरिस्टनी एवढी भरायची की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना चढायला मिळेना, शेवटी 2024 ला तो रूट गुगल मॅप्सवरून काढायला लावला. गावातल्यांना बस मिळावी म्हणून ती लपवायची!

"नोकऱ्या मिळतात." मिळतात, बऱ्याचशा सीझनपुरत्या आणि कंत्राटी. 2020 ला टुरिस्ट थांबले तेव्हा पहिली गदा कोणावर आली ते सगळ्यांनी बघितलंय.

"टुरिस्ट नसतील तर शहर मरेल." व्हेनिसच्या बेटांवरच्या जुन्या शहरात 1951 च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहायचे, आता 50 हजारही नाहीत. सगळे टुरिस्टमुळेच गेले असं मी म्हणत नाही, पूर आहेत, मुख्य भूमीवर मोठी, स्वस्त घरं आहेत. पण टुरिस्ट तर वर्षानुवर्षं वाढतच होते ना, मग राहणारे का टिकले नाहीत? उलट 2024 ला तिथे ठरावीक दिवशी मुक्काम न करता नुसतं फिरायला येणाऱ्यांकडून 5 युरो एंट्री फी घ्यायला सुरुवात झाली.