पुस्तकावरचं दुसरं नाव

व्हीएलएसआय, म्हणजे एका चिपवर हजारो-लाखो ट्रान्झिस्टर बसवायचं शास्त्र, शिकताना लॅम्ब्डा रूल्स, म्हणजे चिपच्या ड्रॉइंगमधली मापं लॅम्ब्डा या एककात सांगणारे नियम, अक्षरशः रट्टा मारून पाठ केले होते, दोन वायर्समध्ये किती लॅम्ब्डा अंतर, काँटॅक्ट किती लॅम्ब्डाचा वगैरे. हे ज्या पुस्तकातलं, त्याच्या लेखकांची नावं सर 'मीड-कॉनवे' अशी एका दमात म्हणायचे, त्यामुळे कितीतरी दिवस मला तो एकच माणूस वाटायचा. आणि माणूस म्हणजे पुरुषच, दुसरं काय डोक्यात येणार!

तर त्यातल्या कॉनवे म्हणजे लिन कॉनवे. 1964 मध्ये आयबीएमला लागल्या, तिथे सुपरकॉम्प्युटरच्या प्रोजेक्टवर इन्स्ट्रक्शन्स क्रम सोडून, एकाच वेळी अनेक कशा चालवायच्या याची युक्ती काढली. 1968 मध्ये, पुरुष म्हणून जगणं सोडून आपण स्त्री म्हणून जगणार हे सांगितलं तर कंपनीने काढून टाकलं. घर मोडलं, मुलींना भेटणं बंद, आणि नवीन नावाने साध्या प्रोग्रामरपासून परत सुरुवात, कारण आधीचं काम सांगायची सोयच नाही. आयबीएमने माफी मागितली 2020 मध्ये, बाई तेव्हा 82 वर्षांच्या. घ्या.

जून 2024 मध्ये त्या गेल्या तेव्हा मी जे जे वाचलं ते बहुतेक एवढ्यावरच थांबलेलं. मला ते खटकलं. अहो, बाईंनी नंतर केलं काय ते सांगा ना!

तेव्हा चिप डिझाइन करायची तर कंपनीच्या आतच असायला लागायचं, प्रत्येकाची प्रोसेस वेगळी आणि नियम गुपित. बाई 1973 मध्ये झेरॉक्स पार्कला, म्हणजे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात गेल्या आणि कॅल्टेक या युनिव्हर्सिटीतल्या कार्व्हर मीडबरोबर त्यांनी हे सगळं इतकं सोपं केलं की स्टुडंटलाही जमावं. सगळी मापं लॅम्ब्डाच्या पटीत मांडायची, उद्या टेक्नॉलॉजी लहान झाली तर फक्त लॅम्ब्डा बदलायचा, ड्रॉइंग तेच. जागा थोडी वाया जाते हे खरंय, आणि आजच्या अतिबारीक चिप टेक्नॉलॉजींना तो हिशोब चालतही नाही, पण तेव्हा त्याने दार उघडलं. 1978 ला एमआयटीत त्यांनी कोर्स घेतला, त्यात गाय स्टील या विद्यार्थ्याने चक्क लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा चालवणारा प्रोसेसर बनवला. पुढच्या वर्षी तर 12 युनिव्हर्सिटींतल्या 124 जणांची 82 डिझाइन्स आर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरून मागवली, एकाच वेफरवर, म्हणजे चिप्स ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, अनेकांची मिळून बसवली, खर्च वाटला गेला, आणि साधारण महिनाभरात पोरांच्या हातात स्वतःची चिप! त्याचीच पुढे 1981 मध्ये मोसिस ही अशा चिप्स बनवून देणारी सर्व्हिस झाली. डिझाइन एकाकडे, फॅब म्हणजे चिप बनवायचा कारखाना दुसऱ्याकडे ही आज आपल्याला नॉर्मल वाटणारी वाटणी, माझ्या मते तिची मुळं इथे आहेत.

पण हे 'शिकवण्याचं' काम ना, म्हणजे कुणाच्या तरी मदतीचं काम असंच लोक धरतात, त्यात करणारी बाई असली की मग तर बघायलाच नको. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये मीड 2009 लाच गेले, बाईंचा नंबर लागला 2023 मध्ये. दोघांच्या त्या पुस्तकाच्या कव्हरवर मात्र दोघांची नावं 1980 पासून शेजारी शेजारीच आहेत.