बंदुकीक सर्दी

‘सर, प्रॉडक्ट ओके आहे. थोडी प्रॅक्टिस करा.’

परवा भरदुपारी ऑनलाइन विकणाऱ्याचा हा मेसेज आला. खाली हात जोडलेली दोन चित्रं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

प्रकरण थोडक्यात असं. माझ्याकडे छर्ऱ्यांची बंदूक आहे. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, ४.५ मिलिमीटरची, साधी. तिच्या नळीच्या तोंडावर बसवायची ॲल्युमिनियमची काळी टोपी मी ऑनलाइन मागवली. नाव मझल ब्रेक, म्हणजे बंदुकीचा मागे बसणारा धक्का कमी करणारा. स्प्रिंगच्या बंदुकीत ती ब्रेक वगैरे काही लावत नाही. नळी मोडताना धरायला बरी पडते आणि बंदूक जरा रुबाबदार दिसते, एवढंच. नेम धरायची पुढची माशी काढून, टोपी सरकवून, बारीक स्क्रू आवळला. दुर्बीण आधीपासून होतीच. खळ्याच्या टोकाला वाळूचं पोतं, पोत्यावर कागद, आणि दहा मीटरवर मी.

ऑलिंपिकमध्ये दहा मीटरवरून ज्या ठिपक्याला दहा गुण मिळतात तो अर्धा मिलिमीटरचा असतो. माझी मागणी तेवढी नव्हती. सुपारीएवढ्या जागेत छर्रे पडावेत, झालं. आदल्या दिवशीपर्यंत पडतही होते. टोपी बसली आणि एक छर्रा कागदाच्या वर, दुसरा डावीकडे, तिसरा कागदालाच नाही.

नेमके तेव्हा शेजारचे तात्या गडग्यावर येऊन बसले. पान जमवायला घेतलं की या माणसाला तासभर कुठं जायचं नसतं.

“काय रे झिला, बंदुकीक टोपी कित्याक? तिका सर्दी झाली हा काय?”

मी उत्तर दिलं नाही. पुन्हा मारला.

“खंय लागलो?”

“बघतंय, तात्यानू.”

“बघूक होयो तर लागूक नको?” तात्यांनी चुना लावला. “माकडां तरी घाबरतत काय ह्येका?”

कोकणात बंदूक दिसली की पहिला प्रश्न माकडांचा. मी माकडांवर छर्रा मारत नाही, कागदावर मारतो, हे वाडीत कुणालाच पटलेलं नाही. माकडं आंबा एकदा चावून फेकतात, शहाळी पोखरतात, कौलं फोडतात, आणि त्याचा जाब माझ्याकडे मागितला जातो.

“तो कोल्हापूरचो झील पदक घेवन इलो, त्येच्या नळयेक होती टोपी?”

म्हणजे स्वप्नील कुसाळे. २०२४, पॅरिस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम), कांस्य. ती बंदूक वेगळी, तो खेळ वेगळा, आणि तो तेव्हा रेल्वेत टीसी होता, असं मी सांगत होतो. तात्यांनी शेवटचं तेवढं उचललं.

“मगे! टीसीचो नेम कसो चुकतलो? एवढ्या गर्दीतसून बरोबर विदाऊट तिकीटवालो काढतत.”

मी टोपी काढली. छर्रे एका जागी. टोपी चढवली, पुन्हा पांगापांग. कागद जवळून पाहिला तर काही भोकं गोल नव्हतीच, लांबट फाटलेली. म्हणजे छर्रा आडवा होऊन जात होता. कमरेत आवळलेला तो शिशाचा तुकडा बाहेर पडताना कशाला नुसता घासला तरी कोलमडतो. टोपीचं भोक सहा मिलिमीटरचं, म्हणजे चारी बाजूंनी पाऊण मिलिमीटरची मोकळीक, तीही टोपी सरळ बसली तर. कान साफ करायची कापसाची काडी आत फिरवली. एका बाजूला शिशाची राखी-काळी रेघ आली. मला इतका आनंद झाला की ती काडी मी तात्यांना दाखवली. ती दाखवायला नको होती.

“काळा!” तात्या गडग्यावरून खाली उतरले. “मी काय सांगी होतंय? ह्या भायरचा काम हा. ही टोपी तुका कुरिअरवाल्यान खंय दिल्यान?”

“तिठ्यार.”

“तिठ्यार! मगे!”

पत्ता वाडीचा दिला तरी कुरिअरवाला तीन रस्त्यांच्या तिठ्याच्या अलीकडे येत नाही, हा माझा जुना राग. तात्यांना तो नजर लागल्याचा पुरावा वाटला. मी नको नको म्हणेपर्यंत बंदूक तुळशीसमोर आडवी, पोरं गोळा, आणि तात्यांचा आवाज वर.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान पैसे मोजून बंदुकीक टोपी घातल्यान हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पोरं.

“त्या टोपयेत कोणी वाकडा घातला आसात, तिठ्यार कोणाची वायट नजर पडली आसात, तर ती दूर कर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या सौ.चा आवाज सगळ्यात खणखणीत.

“आणि ह्येचो छर्रो कागदार लागलो, तर तो तुका कोंबो देतलो, म्हाराजा!”

हे ‘व्हय’ पोरांनी मला विचारून म्हटलं नाही.

मी टोपी घेऊन बाजारात लेथवाल्याकडे गेलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे त्याच्याकडे ट्रॉलरच्या शाफ्टांची रांग. तरी भल्या माणसानं टोपी चकात धरून फिरवली. बाहेरचं अंग स्थिर, भोक मात्र गरगर नाचत होतं. “सेंटर आऊट हा. दोन बाजूनी ड्रिल मारल्यानी, मधी गाठच पडली नाय.” शिवाय नळीवर बसायच्या भागाचा आतला व्यास नळीपेक्षा मोठा, आणि स्क्रू एकच. तो आवळावा तसतशी टोपी आणखी तिरकी. सरळ करून मिळेल, पण ऑगस्टात.

नाचणाऱ्या भोकाचा व्हिडिओ काढून टोपी विकणाऱ्याला पाठवला, त्यावर तो परवाचा मेसेज. मी परत लिहिलं, तर उत्तर आलं की आपल्या पिनकोडवर रिटर्न पिकअप उपलब्ध नाही. वस्तू आणून टाकताना हाच पिनकोड चालला होता. मुंबईतल्या माणसाला दारात येऊन पैसे परत करतात. आम्ही खराब माल घ्यायचा, वर प्रॅक्टिस करायची.

टोपी काढून ठेवली. छर्रे सुपारीवर पडायला लागले. तात्या लगेच हजर.

“लागलो मां? कोंबो?”

“टोपी काढलंय म्हणान लागलो, तात्यानू!”

“आणि ती काढूची बुद्धी तुका दिल्यान कोणी?”

यावर काय बोलणार? “गावठी होयो हां, ब्रॉयलर देवाक चलना नाय,” असंही बजावलं. गावठी कोंबडा टोपीपेक्षा महाग पडला. काल रविवारी देवाचं देवाला दाखवून झाल्यावर वडे-सागोतीला तात्या पहिल्या पंगतीत. तिसरा वडा मोडताना म्हणाले, “ती टोपी टाकतलंस तर माका दी. पंपाच्या पायपाक बसता काय बघतंय.”

बसली. अगदी फिट्ट. थेंबभर पाणी गळत नाही.